तिकडं वाट बघायलेत

“बरं, येतो बाबू. तिकडं वाट बघायलेत.”

हे वाक्य जाताना कुणीही म्हणतं. मिस्त्री ते आल्या आल्या म्हणायचे. एक पाय पायडलवर, दुसरा जमिनीवर, दोन्ही हात हँडलवर, आणि सायकलवरून पुरते उतरायच्या आधीच निघायची भाषा. असा माणूस तुमच्या ओळखीत असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्याच्यासमोर बसलेल्यालासुद्धा आपण उगाच बसलोय असं वाटायला लागतं. मला तर खुर्ची टोचायला लागायची.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या कामावर नावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. लहानथोर सगळे मिस्त्रीच म्हणायचे. काम होतं झरीहून बोरीकडे जाणारा रस्ता रुंद करायचं. दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. एका ठेकेदारानं हे काम घेतलं होतं, आणि मी त्याच्याकडे हजेरी कारकून होतो. मी मूळचा मानवतचा. आमच्या घरातला पहिला मॅट्रिक. सरकारी नोकरीच्या नावानं रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघायचो. ती येईपर्यंत हे करू, असं म्हणून आलो आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसून माणसांच्या नावांपुढे खुणा करत राहिलो.

कामाच्या जागा दोन. झरीच्या अंगाला मातीकाम, बोरीच्या अंगाला दगडाची खदान. आपल्याकडची जमीन तुम्हाला सांगायला नको. वर काळी, खाली मुरूम, त्याखाली फत्तर. सकाळी टोकदार असलेला टिकाव दुपारपर्यंत बोथट होतो. पहारीचं तेच. आणि बोथट टिकावानं खड्डा खणला जात नाही, नुसते हात भरून येतात. संध्याकाळी माप घेतलं की खड्डा कमी, म्हणून मजुरी कमी. त्यामुळे कामावर लोहार लागतोच. भट्टीत टोक लाल करायचं, ऐरणीवर ठोकून काढायचं, पाण्यात बुडवायचं. दोन जागा म्हणजे खरं तर दोन लोहार पाहिजेत. पण आमच्या मालकाला दोन हा आकडा फक्त जमेच्या बाजूला आवडायचा. त्यानं एकच लोहार ठेवला, ते म्हणजे मिस्त्री. भट्ट्या मात्र दोन्हीकडे होत्या. मग त्या दोन भट्ट्यांच्या मध्ये जो रस्ता होता तो मिस्त्रींच्या वाट्याला आला.

सायकल जुनी, काळी. मागच्या कॅरिअरवर हातानं फिरवायचा भाता सुतळीनं बांधलेला, हँडलला पिशवी, तिच्यात घण आणि सांडशी. घंटी नव्हती. कामाजवळ आले की सांडशीनं हँडलवर दोनदा वाजवायचे, ठण्ण ठण्ण. ते ऐकलं की बाया घमेली टाकून टिकाव गोळा करायला धावायच्या. ज्याचं हत्यार भट्टीत, त्यानं भाता फिरवायचा, अशी पद्धत होती. त्या निमित्तानं दोन घटका टेकायला मिळायचं आणि मिस्त्रींची चेष्टाही करता यायची.

“मिस्त्री, बसा की जरासिक. घरून हाकललंय का काय बायकोनं?” झरीकडच्या टोळीची कोंडाबाई विचारायची. टोळीत तिचा शब्द शेवटचा.

“बसून काय करू कोंडाबाई? तिकडं ग्यानबाची मान्सं वाट बघायलेत.”

आणि बोरीला गेले की ग्यानबाला, म्हणजे खदानीवरच्या मुकादमाला, हेच ऐकावं लागायचं. “तिकडं कोंडाबाई वाट बघायलीय.” ग्यानबा मला एकदा म्हणाला, “बाबू, ही कोंडाबाई दिसायला कशी हाय ओ? आमचा मिस्त्री तिच्यापायी दोन घास सुखानं खाईना.” ती साठीची आहे आणि तिचे पुढचे दात पडलेत हे मी सांगितलं तेव्हा खदानीतले लोक पोट धरून हसले.

मिस्त्रींच्या सायकलला स्टँड नव्हतं. होतं, पण त्यांनी स्वतःच काढून टाकलं होतं. मी विचारलं, “कामून काढलं?” तर म्हणाले, “स्टँड असलं की गाडी उभी ऱ्हाती, गाडी उभी ऱ्हायली की मानूस बसतं.” भाकरीसुद्धा ते उभ्यानंच खायचे. आमच्या वस्तीवर जयंतीला मी त्यांना आग्रहानं नेलं. आईनं पाट मांडला, ताट वाढलं. मिस्त्रींनी खिरीची वाटी उचलली, दारातल्या दारात उभ्यानं प्यायले, आईच्या पाया पडले आणि निघाले. आई कितीतरी दिवस विचारत होती, “त्या मानसाला आपल्या घरचं काही बाधतं का रे?” मी म्हणालो, “नाही गं, ते स्वतःच्या घरीही असंच जेवतात.” तिला ते पटलं नाही. पुढं ती एकदा कामावर आली, मिस्त्रींना सायकलवर बसून भाकरी मोडताना पाहिलं, तेव्हा कुठं तिचं समाधान झालं.

एकदा तर गंमतच झाली. झरीच्या बाजाराला येणारा न्हावी दुपारी आमच्या शेडपाशी लिंबाखाली बसायचा. मिस्त्री कधी नव्हे ते त्याच्यापुढं टेकले. अर्धी दाढी झाली असेल, तेवढ्यात बोरीहून खडीचा ट्रक आला आणि ड्रायव्हर सहज म्हणून गेला, “मिस्त्री, खदानीत पहारी पडून हायत.” झालं! मिस्त्री उठले. न्हावी वस्तरा घेऊन मागं, “अवो, अवो,” करत. एका गालाला साबणाचा फेस तसाच घेऊन मिस्त्री सायकलवर, आणि फेस वाऱ्यानं मागं उडतोय. उरलेली दाढी त्यांनी पुढच्या बाजारी केली. मधले सगळे दिवस अर्ध्या दाढीनं हिंडले. त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

मी वैतागायचो. खरंच वैतागायचो. एकदा म्हणालो, “मिस्त्री, कोण एवढं वाट बघतंय तुमची? हजेरी मी मांडतो ना? आत्ता ते सगळे बाभळीखाली आडवे झाले असतील.”

“आडवं होऊन बी वाटच बघायलेत ना बाबू?”

मी हजेरीवही धाडकन मिटली.

पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट सांगितली. उभ्यानंच सांगितली. दुष्काळात त्यांची भट्टी गावात होती, वडिलांपासूनची. पाऊस नाही म्हणून पेरणी नाही, पेरणी नाही म्हणून फाळ घेऊन कुणी येत नाही. “सकाळी भट्टीपाशी जाऊन बसायचो. कोळसा पेटवायचो न्हाई, उगा कशाला जाळायचा? निस्ताच बसायचो. रस्त्याकडं बघत. चिटपाखरू यायचं न्हाई, बाबू. लोक माझ्या दारावरून जायचे अन् माझ्याकडं बघायचे बी न्हाईत, बघितलं तर मी हाक मारीन म्हनून. लय वाईट असतंय ते. भूक परवडली.” मग एकदम पायडलवर पाय ठेवून म्हणाले, “अन् आता दोन जागी लोक माझी वाट बघायलेत. अन् मी बसू व्हय?”

तेव्हापासून मी त्यांना बसा म्हणायचं सोडलं.

त्यांचं घर कुठं होतं म्हणाल, तर बरोब्बर रस्त्यावरच. झरी आणि बोरीच्या मध्ये एक ओढा आहे. त्याच्या उताराच्या वर आठ-दहा घरांची वाडी, त्यातलं पहिलं घर त्यांचं. म्हणजे हा माणूस रोज जाता-येता स्वतःच्या दारावरून जायचा आणि थांबायचा नाही! मिस्त्रीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या असायच्या. लांबूनच त्यांना सांडशीचा आवाज कळायचा. मिस्त्री एक पाय दगडावर टेकवायचे, घटाघटा पाणी प्यायचे, तांब्या त्याच दगडावर ठेवायचे आणि निघायचे. मी ट्रकमधून जाताना हे कितीतरी वेळा पाहिलं. ती बाई काहीतरी बोलायला तोंड उघडायची, तोवर सायकल उताराला लागलेली असायची.

त्या उतारावरच ते पडले.

पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. जुना रस्ता ओढ्यापाशी खचलेला. मिस्त्री सकाळची झरीची भट्टी उरकून बोरीकडे निघाले होते. दारात पाणी प्यायले, उताराला लागले आणि पुढचं चाक खड्ड्यात गेलं. ते खाली, सायकल वर, आणि कॅरिअरवरचा लोखंडी भाता पायावर. गुडघ्याखाली हाड मोडलं. पहिल्यांदा धावत गेल्या त्या मिस्त्रीणबाई. पडताना त्यांनी एकट्यांनीच पाहिलं होतं. परभणीच्या दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण पहिल्यासारखा राहणार नाही. सायकल विसरा. मालकानं दुसरा लोहार ठेवला नाही; हत्यारं अधूनमधून ट्रकमधून परभणीला जाऊन ठोकून यायची.

मी दवाखान्यात गेलो तर मिस्त्री छताकडे बघत पडलेले. मला बघून पहिलं काय बोलावं? “बाबू, बोरीला सांगितलं का कुनी? ते वाट बघत बसत्याल.”

आता खरा प्रश्न आला. कामावर असताना मजुराला इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची, असा कायदा आहे. हे मला माहीत होतं, मालकालाही माहीत होतं. मी मालकापुढं विषय काढला. मालक जीपमध्ये बसूनच म्हणाला, “रस्ता सरकारचा, सायकल मिस्त्रीची, खड्डा देवाचा. ह्याच्यात माझं काय रे?”

“मालक, ते कामावर होते.”

“कामावर? घरासमोर पडलाय तो! जेवायला चालला होता घरी. जेवायला जाताना पडलेल्या माणसाची भरपाई मी द्यायची? उद्या लग्नाला जाताना पडला तरी मीच का?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण म्हणणं बिनतोड होतं. घरासमोर पडलेला माणूस घरीच चालला होता, असं कुणीही म्हणेल. तरी मी परभणीला जाऊन कामगार खात्याच्या कचेरीत अर्ज टाकला. साहेब चौकशीला येणार असं कळलं, आणि दोन्ही टोळ्यांत कुजबुज सुरू झाली. घरासमोर पडले म्हटलं की मिस्त्रींचं सगळं बुडणार, एवढं त्यांना बरोबर उमगलं होतं. लोकांचा जीव होता त्यांच्यावर. मग त्या जिवापोटी लोकांनी जे केलं, ते ऐकून तुम्ही हसाल. मी त्या दिवशी हसलो नाही.

साहेब आले. चष्मा, कातडी बॅग, शांत माणूस. शेडपुढच्या लिंबाखाली टेबल मांडलं. मिस्त्रींना बैलगाडीतून आणून बाजेवर बसवलं, प्लास्टरचा पाय पुढं लांब केलेला. बसवलं म्हणजे काय, बांधून ठेवल्यासारखेच होते ते. बोटं सारखी बाजेवर वाजत होती. त्यांची सायकल मी आधीच दुरुस्त करून आणली होती, ती लिंबाला टेकवून ठेवली होती. त्यांची नजर तिच्यावरून हलत नव्हती.

पहिली जबानी कोंडाबाईची.

“मिस्त्री पडले तेव्हा तुम्ही कुठं होता, बाई?”

“तिथंच, साहेब. झरीच्या भट्टीपाशी. भाता मीच फिरवायले. ह्यांनी घण उचलला, तोल गेला अन् धाडकन पडले. ह्याच डोळ्यांनी बघितलं.”

मागच्या सगळ्या बाया एका सुरात “व्हय व्हय” म्हणाल्या. साहेबांनी लिहून घेतलं. मी पेचात पडलो. बोलावं तर कोंडाबाई खोटी पडते, गप्प राहावं तर पुढं काय होतंय कोण जाणे.

तेवढ्यात खदानीचा ट्रक आला. ग्यानबा आणि त्याची चार माणसं उतरली आणि ट्रक खडी आणायला तसाच परत गेला. ग्यानबा तडक टेबलापाशी आला. इथं काय झालंय ते त्याला कुठं माहीत!

“साहेब, माझी जबानी घ्या. बोरीच्या खदानीत पडले मिस्त्री. माझ्या डोळ्यादेखत. दगडावरून पाय घसरला. मीच उचललं त्याह्यला, ह्या हातांनी.”

साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली. “म्हणजे ते एकाच सकाळी दोन ठिकाणी पडले?”

ग्यानबानं कोंडाबाईकडे बघितलं. कोंडाबाईनं कपाळाला हात लावला. ग्यानबा जरासा घुटमळला आणि म्हणाला, “पडले बी असत्याल, साहेब. लय धावपळीचा मानूस हाय.”

मालक मोठ्यानं हसला. साहेबांनाही हसू आवरेना. आणि मिस्त्री? मिस्त्री संतापले होते. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“भट्टीपाशी पडलो? मी? कोंडाबाई, काय बोलायलीस गं? उभ्या जन्मात भट्टीपाशी पडलो न्हाई मी. घण उचलताना तोल जानारा लोहार असतोय व्हय? अन् ग्यानबा, तू तर गुमानच ऱ्हा.” मग साहेबांकडे वळून म्हणाले, “रस्त्यावर पडलो, साहेब. वढ्याच्या उतारावर. माझ्या घरासमोर.”

“ऐकलं ना, साहेब?” मालक म्हणाला. “घरासमोर. मी काय वेगळं म्हणत होतो? जेवायला चालला होता.”

“जेवायला?”

हा आवाज मिस्त्रीणबाईंचा. त्या बैलगाडीच्या चाकाशी पदर ओढून बसल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. उलट, तू तोंड उघडू नको, असं दोन्ही टोळ्यांनी बजावलं होतं. त्या उठून टेबलापाशी आल्या.

“साहेब, हे जेवायला घरी आले असते ना, तर मी ह्या मालकाच्या पायावर डोस्कं ठिवलं असतं. हे घरी येतेत? इचारा की ह्या समद्यायला! दिसभर दारावरून जातेत अन् येतेत. मी तांब्या घिऊन उंबऱ्यात उभी. पानी पितेत, तांब्या माझ्या हातात बी देत न्हाईत, दगडावर ठिवतेत अन् निघाले. काय तर म्हनं इकडं वाट बघायलेत, तिकडं वाट बघायलेत. अन् मी उंबऱ्यात काय करायलेय? मी बी वाटच बघायलेय की! ते लिवून घेता का तुमी? लिवा!”

 मिस्त्रींची बोटं बाजेवर वाजायची थांबली. ते बायकोकडे असे बघत होते, जणू ही कधीपासून तिथं उभी असते हे त्यांना आजच कळत होतं. 

साहेबांनी चष्मा पुसला. अगदी मऊ आवाजात विचारलं, “म्हणजे घरी जात नव्हता, बोरीला जात होता. ठीक. तुम्हाला बोरीला पाठवलं कुणी?”

आता सगळं या एका उत्तरावर होतं. मालकानं पाठवलं, एवढे दोन शब्द! मी डोळ्यांनी खुणावतोय, कोंडाबाई तोंडानं पुटपुटतेय, ग्यानबा हातवारे करतोय. मिस्त्रींनी आमच्याकडे बघितलं आणि सरळ सांगितलं, “कुनी न्हाई.”

“मालकांनी सांगितलं नव्हतं?”

“मला सांगावं लागत न्हाई, साहेब. लोक वाट बघत्यात, मी जातो. मालकानं सांगितल्यावर जानारा मानूस न्हाई मी.”

खरंच होतं ते. मिस्त्रींना कधी कुणी पाठवलं नव्हतं. तशी वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “मग मी काय लिहू, मिस्त्री?” ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मालकानं खिशातून पानाची डबी काढली.

मला दोघांनाही धरून हलवावंसं वाटत होतं, आधी मालकाला आणि मग मिस्त्रींनाही. अरे, एवढा कसला मान? बायको समोर उभी आहे, पाय मोडलाय, पुढं काय खायचं?

आणि तेवढ्यात तो खडीचा ट्रक परत आला. रिकामा. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, “मालक, खडी न्हाई! पहारी समद्या बोथट झाल्यात. मान्सं हातावर हात ठिवून बसलेत. काम बंद हाय.”

काम बंद म्हटल्यावर आमच्या मालकाचं डोकं जे फिरायचं, ते फिरलंच. पान हातात तसंच धरून तो गरजला, “बंद? आन् मिस्त्री काय करतोय मग? कुठं मेलाय? पाठवा त्याला बोरीला! आत्ताच्या आत्ता पाठवा!”

“आलो, मालक!”

मिस्त्री उठले. आम्ही कुणी हलायच्या आत ते बाजेवरून उठले, लिंबाला टेकलेल्या सायकलकडे हात टाकला आणि प्लास्टरचा पाय जमिनीवर दिला. तोंड पांढरंफटक पडलं. मिस्त्रीणबाईंनी एका बाजूनं धरलं, कोंडाबाईनं दुसऱ्या. ते दोघींना झटकत होते. “सोड. सोड गं. तिकडं वाट बघायलेत.”

त्यांना परत बाजेवर निजवलं. मालक पान हातात घेऊन उभाच. आपण काय बोललो ते त्याला हळूहळू कळत असावं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. “आत्ता ह्यांना कुठं पाठवायला निघाला होता तुम्ही?”

साहेबच पुढं म्हणाले,

“बोरीला. कामावर. मग त्या दिवशीही ते तिकडंच चालले होते. लिहू ना तसं?”

मालकानं पान तोंडात टाकलं आणि जीपकडे गेला. साहेबांनी बराच वेळ लिहिलं.

भरपाई मिळाली. मिस्त्रीणबाईंनी दारापुढं पत्र्याची छपरी घातली, तिच्यात ऐरण रोवली, भट्टी केली. झरीच्या बाया आणि बोरीचे बापे टिकाव-पहारी डोक्यावर, खांद्यावर घेऊन तिथं यायला लागले. येताना-जाताना चालावं लागायचं, पण कुणी कुरकुर केली नाही. कोंडाबाई तर येऊन भाता फिरवत बसायची आणि मिस्त्रीणबाईंकडून चहा उकळायची. पाय कायमचा वाकडा राहिला. सायकल त्यांनी आढ्याला उलटी टांगली.

सगळं चांगलंच झालं होतं म्हणायचं. पण मिस्त्रींना एक गोष्ट डाचत होती. निकालाचा कागद मी त्यांना वाचून दाखवला होता. त्यात होतं, ‘मालकाच्या हुकुमावरून बोरीच्या कामावर जात असता.’ एके दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाबू, तेवढं वाक्य खोडता येतं का?”

“आणि पैसे परत करायचे?”

“न्हाई, पैसे ऱ्हाऊ दे. निस्तं तेवढं वाक्य. हुकूम कवा झाला व्हता मला? मी आपल्या मनानं जायचो की न्हाई? तुला तर ठावं हाय.”

“ठाऊक आहे, मिस्त्री.”

“मग झालं,” ते म्हणाले. पण झालं नव्हतं, तोंडावरून दिसत होतं.

मग रस्ता पुरा झाला. डांबर पडलं. ओढ्यावर पूल झाला, तो उतार गेला, खड्डा गेला. मालकानं दुसऱ्या जिल्ह्यात काम धरलं, टोळ्या पांगल्या. मला सरकारी नोकरी लागली आणि मीही गेलो. त्या चकचकीत रस्त्यावरून एसट्या आणि ट्रक असे सुसाट जायला लागले, की वाडीपाशी कुणी थांबेना.

नंतर एकदा कामानिमित्त मी त्या बाजूला गेलो, तेव्हा मुद्दाम उतरलो. मिस्त्री छपरीत बसले होते. हो, बसले होते. भट्टी थंड होती. ऐरणीवर कोंबडी. दाढी पुरी पांढरी झालेली. मला बघून त्यांना फार आनंद झाला. कोंडाबाई कशी आहे, ग्यानबा कुठं आहे, सगळं विचारलं. मला काहीच माहीत नव्हतं. थोडंफार बनवून सांगितलं, आता काय करणार! मिस्त्रीणबाईंनी चहा आणला. त्या हळूच म्हणाल्या, “दिसभर ह्या रस्त्याकडंच बघत बसतेत. आता कळालं असंल त्याह्यला, उंबऱ्यात उभं ऱ्हायलं की कसं वाटतंय ते.” बोलणं टोचरं होतं, पण बोलता बोलता त्या त्यांच्या मोडक्या पायावर चादर नीट करत होत्या.

मी चहा उभ्यानंच घेत होतो. लांबून परभणीची गाडी येताना दिसली. ती चुकली तर पुढची लवकर नव्हती. बशी दगडावर ठेवली, तोच तो दगड, आणि घाईघाईत तोंडातून निघून गेलं, “बरं, निघतो मिस्त्री. तिकडं वाट बघायलेत.”

मिस्त्री एकदम ताठ झाले. डोळे असे लकाकले, की मला ते लिंबाखालचे मिस्त्री आठवले. हात आपोआप बाजूला पडलेल्या सांडशीकडे गेला.

“कोन?” त्यांनी विचारलं. “बोरीवाले का?”

गाडी आली आणि निघून गेली. मी हात केला नाही. मिस्त्रींच्या शेजारी छपरीत खाली बसलो आणि कोंबडीला ऐरणीवरून हाकललं.

“मिस्त्री,” म्हटलं, “भट्टी पेटवा बरं जरा. आज मी भाता फिरवतो.”